नामांतराच्या लढ्यातल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात, तर सुरुवात कुठून?

जय भीम ताई. तुम्ही विचारलंय की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून झालेल्या नामांतराच्या लढ्यातली वस्तीतली माणसं आता थकत चाललीत, मोबाईलवर त्यांच्या मुलाखती घ्यायच्यात, तर प्रश्न कोणते काढू आणि माईक कुठला घेऊ. माईकचं शेवटी सांगते, आधी प्रश्नांचं, कारण मुलाखत जमते किंवा फसते ती तिथेच.

'नामांतरात तुमचं योगदान काय' हा प्रश्न विचारूच नका. योगदान म्हटलं की माणूस भाषणाला लागतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, मग मराठवाड्यात दंगली उसळल्या, मग लाँग मार्च, मग १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार, म्हणजे 'मराठवाडा' तसंच ठेवून आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं, हे सगळं तारखांसकट म्हणून दाखवतात आणि अर्धा तास गेला तरी स्वतःबद्दल एक वाक्य येत नाही. ते सगळं छापलेलं आहे, कुठेही मिळेल. आपल्याला हवंय ते न छापलेलं. म्हणजे पोलिसांनी धरून नेलं तेव्हा घरात पीठ होतं का, मजुरी बुडली ती कशी भरून काढली, लग्न ठरलेलं होतं ते मोडलं का, मालकाने कामावर परत घेतलं का.

आणि बायकांकडे आधी जा. त्या म्हणणार 'आमी काय केलं बाई, आमाला काय कळतंय', तिथे उठून येऊ नका. लातूरकडच्या एका आजी मला अगदी हेच म्हणाल्या, मुलगा शेजारी बसून त्यांच्या वतीने उत्तरं देत होता, त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि एवढंच विचारलं की वस्ती पेटली त्या रात्री तुम्ही घरातून सगळ्यात आधी काय उचललं. म्हणाल्या, आधी शेळीचं दावं सोडलं, मग पोराला काखेत मारलं, मग कणगीकडं बघितलं, वर्षाची ज्वारी होती तिच्यात, आणि ती काय उचलती येती का. तिथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. तालुक्याला कुणाच्या ओसरीवर राहिलो, परत आल्यावर गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना, मग उखळात कांडून खाल्लं, आणि एवढं होऊनही दारावरची बाबासाहेबांची तसबीर पुन्हा लावली ती कुणी, तर यांनीच. ही बाई म्हणते मी काही केलं नाही!

हे काम आपल्याकडे आधी झालेलं आहे हेही लक्षात असू द्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांना शोधून काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यातूनच १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी बायकांचं नावसुद्धा उरलं नसतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. म्हणून सांगते, कुणी बोलायला बिचकत असेल तर गाणं म्हणायला सांगा, लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं असो नाहीतर आईकडून ऐकलेली ओवी, एकदा गळा मोकळा झाला की आठवणी आपोआप येतात.

तारखांवरून कुणाला अडवू नका. लोकांचं कॅलेंडर वेगळं असतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो तेव्हा, किंवा किल्लारीच्या भूकंपाच्या आधी का नंतर, असं विचारलं की बरोब्बर जागेवर येतात. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, नामविस्तार त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, त्यामुळे तिकडच्या माणसांच्या मनात दोन्ही जवळजवळ असतात. कुणी १९७४ ची मुंबईतली वरळीची दंगल आणि ७८ चं मराठवाडा एकत्र करून सांगितलं तरी मध्ये तोडू नका, वहीत बाजूला टीप करून ठेवा, नंतर जुने पेपर, तुरुंगाचे कागद यांच्याशी ताडून बघा. दोन माणसं एकच रात्र वेगवेगळी सांगत असतील तर दोन्ही ठेवा.

आता सगळ्यात जोखमीचं. दंगलीचं बोलताना नावं येतात. आग कुणी लावली, कुणी दार लावून घेतलं, कुणी लपवून ठेवलं. ती माणसं किंवा त्यांची पोरं आजही त्याच गावात असतात आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचा नातू कदाचित त्यांच्याच ट्रॅक्टरवर कामाला असतो. त्यामुळे सुरुवातीला घेतलेली परवानगी पुरेशी नाही, सगळं बोलून झाल्यावर परत विचारा, यातलं काय बाहेर जाऊ दे, काय बंद ठेवू, कुणाचं नाव काढू, आणि ते उत्तरही रेकॉर्ड करा. 'माझ्या माघारी ऐकवा' असं कुणी म्हणालं तर ते पाळायचं म्हणजे पाळायचं. आणि रोजंदारीवरच्या माणसाला कामाच्या दिवशी बसवलं तर त्याचा रोज द्या. यावर मतभेद आहेत, पैसे दिले तर मुलाखत शुद्ध राहत नाही म्हणतात, मला ते पटत नाही. आपण गरिबांच्या हक्काबद्दल बोलणार आणि त्यांचा दिवस फुकट घेणार, हे बरोबर नाही.

माईक म्हणाल तर सुरुवातीला साधा कॉलरचा वायरवाला पुरे. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोनखाली घडी घातलेला टॉवेल, कुकरची शिट्टी होऊन जाऊ दे मग बसा. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करूच नका, नुसत्या गप्पा मारा. फाईलला त्याच दिवशी नाव, गाव, तारीख घाला आणि तीन ठिकाणी कॉपी ठेवा, एक तुमच्या घराबाहेर. टाईप करायला एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज लागतात, आणि 'आमी', 'व्हतं', 'न्हाई' आहे तसंच ठेवा, प्रमाण मराठीत धुऊन काढू नका. मोबाईल आपोआप टाईप करून देतो त्यावर विसंबू नका, बोलीभाषेत तो भलतंच लिहितो.

टाईप झालेलं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून त्यांच्याकडे घेऊन जा, वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा, ते म्हणतील ते बदला, मगच पुढे. आवाजाचे छोटे तुकडे करून नातवंडांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, पेनड्राईव्ह त्या घरात कुणी उघडत नाही. यादी बनवताना तब्येत कुणाची नाजूक आहे ते बघून क्रम लावा, पुढाऱ्यांकडे शेवटी गेलात तरी चालेल, ते आधीच बऱ्याच ठिकाणी बोललेले असतात.