गाडी खिंडीत, आवाज शिखरावरून

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या: स्कॉटलंडमध्ये मेगेट स्टोनच्या खिंडीत हिमालयन बाईक लावली, ब्रॉड लॉ डोंगर चढले आणि पाच वॉटच्या रेडिओवर स्पेनमधल्या एका हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओवाल्याशी, बोलले. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतले.

प्रश्न : गेल्या महिन्यात हॅम रेडिओचं फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पायरीचं, लायसन्स मिळालं. बाईक आहे, डोंगर चढायची सवय नाही. रस्ता जातो तिथपर्यंत गाडी नेऊन तिथूनच बोललं तर सोटामध्ये धरतात का? पहिला डोंगर कोणता घ्यावा? (ग्लासगो)

उत्तर : अभिनंदन! गाडीजवळ उभं राहून बोललेलं धरत नाहीत. सोटा, म्हणजे ‘समिट्स ऑन द एअर’ हे शिखरांवरून रेडिओवर बोलण्याचं अभियान, २००२ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचा हा नियम आहे: शेवटचा टप्पा इंजिनाशिवाय गाठायचा, सगळं सामान स्वतः वाहायचं, वर जनरेटर किंवा गाडीची बॅटरी वापरायची नाही. शिखराच्या माथ्यापासून उभ्या उंचीत २५ मीटरच्या आत बसून बोलायचं. एक संपर्क झाला तरी शिखर ‘ॲक्टिव्हेट’ झालं असं मानतात, पण गुण हवे असतील तर चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलावं लागतं. रिपीटरवरून, म्हणजे आवाज पुढे फेकणाऱ्या मधल्या स्टेशनातून, झालेला संपर्क चालत नाही.

कायद्याचंही लक्षात ठेवा. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या डोंगररानात पायी जाण्याचा हक्क मिळाला आहे, पण तो मोटारवाहनाला लागू नाही. ग्रीन लोदरच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता दिसतो आणि मोह होतो. तो तिथल्या रेडिओ मास्टच्या, म्हणजे मनोऱ्याच्या, देखभालीचा खासगी रस्ता आहे. त्यावरून चाला, गाडी खाली ठेवा.

पहिला डोंगर म्हणून मी ब्रॉड लॉच सुचवेन. ट्वीड्सम्यूअरहून टॅला जलाशयाच्या कडेने अरुंद रस्ता जातो आणि मग एकदम अंगावर येणारा चढ लागतो. पहिला गिअर टाका, घाई करू नका, वरून मेंढ्या येत असतात. खिंडीत मेगेट स्टोन आहे, उंची ४५२ मीटर. शिखर ८४० मीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त उंची गाडीनेच चढून झालेली असते आणि पायांना ३८८ मीटर उरतात. गवताळ, गोल पाठीचा डोंगर आहे. कुंपणाच्या कडेने वर गेलात तर धुक्यातही वाट चुकत नाही. माथ्यावर विमानांना दिशा दाखवणारा टॅला बीकन आहे, पांढऱ्या काठ्यांचं गोल रिंगण. त्याच्यापासून जरा लांब बसा.

पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे समोरच्याला वाट द्यायच्या रुंद जागेत, मात्र गाडी उभी करू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. त्या रस्त्यावर एखाद्या शेतकऱ्याचा ट्रेलर अडला तर त्याला मैलभर मागे जावं लागतं.

प्रश्न : दोन मीटरच्या तरंगांवर चालणारा हातातला सेट घेऊन ॲपलक्रॉसजवळच्या स्गूर अ खोराखिनवर गेलो होतो. पाऊण तास हाका मारल्या, एकच उत्तर आलं. ७९२ मीटर उंचीवरून एवढं कमी का? सेट खराब असेल का? (इनव्हर्नेस)

उत्तर : सेट बहुतेक ठणठणीत आहे. त्या डोंगरावर माझीही हीच गत झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्यालख ना बा, म्हणजे गुरांची खिंड, ६२६ मीटरवर आहे. तिथपर्यंतची वळणं ज्याने गाडीवर घेतली त्याला शिखर हाताशी आलं असं वाटतं, आणि चढ खरंच थोडा उरतो. खिंडीजवळून एक कच्चा रस्ता मास्टपर्यंत जातो, तिथून मुख्य शिखरापर्यंत धारेवरून आणखी चालावं लागतं. बरेच जण मास्टजवळच सेट सुरू करून पाहतात. इतक्या जवळून ताकदवान ट्रान्समीटरचा मारा झाला की हातातल्या सेटचा रिसीव्हर बधिर होतो. आपली हाक जाते, उत्तरही येतं, पण आपल्याला ऐकू येत नाही. मी तिथे वीस मिनिटं अशीच घालवली होती. धारेवरून पुढे जाऊन, एका खडकाचा आडोसा मास्टच्या बाजूला ठेवून बसले तेव्हा खरखर थांबली.

दुसरं कारण नकाशातच आहे. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर उंचीच्या मीटरचं वर्गमूळ घेऊन त्याला ४.१२ ने गुणायचं. ७९२ मीटरला हे सुमारे ११६ किलोमीटर येतं. ग्लासगोच्या दक्षिणेला टिंटोवर एवढ्या वर्तुळात लाखो माणसं राहतात, त्यात हॅम पुष्कळ. तुमच्या वर्तुळात काय येतं? पश्चिमेला स्काय आणि समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना तुमच्याहून उंच डोंगर. तिथे दोन मीटरवर एक उत्तर मिळालं हेच चांगलं म्हणायचं.

म्हणून हायलँड्समध्ये माझा आग्रह एकच: एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींचा सेट, न्या. सात मेगाहर्ट्झवर दिवसा इंग्लंड, आयर्लंड आणि जवळचा युरोप मिळतो. चौदावर त्याहून लांबचा. अँटेनाला खर्च फार नाही. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगाची तार मीटरमध्ये मिळते. सातसाठी सुमारे २० मीटर, चौदासाठी १०. सात-चौदा दोन्हीसाठी मी एकच २० मीटरची तार वापरते. ती टोकाशी जोडायची, तार आणि रेडिओच्या मध्ये ४९ ला १ चा छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि सोबत नेलेल्या खांबावरून उलट्या ‘व्ही’सारखी खाली सोडायची. फाउंडेशनवर आता २५ वॉट वापरता येतात, पण पाचात भागतं. बॅटरीचं वजन तुमच्याच पाठीवर असतं.

आणि आधी कळवून जा. सोटाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री ‘अलर्ट’ टाकला की चेसर, म्हणजे घरी बसून शिखरं शोधणारे हॅम, वाट पाहत असतात. वर फोनला रेंज असेल तर स्वतःची फ्रिक्वेन्सी तिथे टाकता येते. नसेल तर मोर्स कामी येतो. अलर्ट टाकलेला असला की जगभरचे स्वयंचलित रिसीव्हर तुमचा ‘सीक्यू’, म्हणजे ‘कुणी आहे का’ ही हाक, ओळखतात आणि फ्रिक्वेन्सी आपोआप यादीत येते. एका माथ्यावर फोन मेलेला असताना मी हळूहळू तीनदा सीक्यू दिला आणि एकदम सात-आठ जण एकमेकांवर कोसळले. मोर्स शिकायला मला एक हिवाळा लागला. त्या एका दिवसात तो वसूल झाला.

दोन मीटर टाकून मात्र देऊ नका. शेजारच्या शिखरावर कुणी असेल तर १४५.५०० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज इतका स्वच्छ येतो की शेजारच्या दगडावर बसून बोलतोय असं वाटतं. उत्तर मिळालं की लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरका, तो हाक मारायचा चॅनल आहे.

प्रश्न : अँटेनाचा सात मीटरचा खांब, रेडिओ, बॅटरी, तंबू, बूट… बाईकवर बसवायचं कसं? बॅटरी चालत्या गाडीवर चार्ज केली तर चालेल? (डंडी)

उत्तर : आधी सॅक भरा, गाडी नंतर. शिखरावर जे लागतं ते सगळं एकाच सॅकमध्ये, आणि ती सॅक जशीच्या तशी मागच्या सीटवर आडवी बांधायची. तंबू, चूल, कपडे पॅनियरमध्ये, म्हणजे बाजूच्या पेट्यांत. असं केलं की पायथ्याशी पावसात उभं राहून काही उलगडावं लागत नाही. मी सुरुवातीला रेडिओ एका पॅनियरमध्ये आणि माइक दुसऱ्यात ठेवायचे. एकदा माइक खालीच राहिला.

खांब मिटल्यावर साठ-सत्तर सेंटिमीटरचा होतो असाच घ्या. सव्वा मीटरचे खांब मजबूत असतात, पण गाडीच्या बाहेर डोकावतात आणि आडव्या वाऱ्यात गाडीला खेचतात.

इंजिनाची थरथर हा खरा शत्रू आहे. ब्रॉड लॉच्या पहिल्या फेरीत माझा आटे असलेला कनेक्टर दीडशे किलोमीटरच्या थरथरीने सैल झाला होता. बाहेरून दिसत नव्हता. चाळीस मिनिटं माझी शक्ती अँटेनापर्यंत जवळजवळ पोहोचतच नव्हती. तेव्हापासून सगळीकडे बीएनसी, म्हणजे फिरवून अडकणारे कनेक्टर, लावले, आणि रेडिओ स्वेटरमध्ये गुंडाळून नेते.

गाडीवर चार्ज जरूर करा, रस्त्यावर असेपर्यंत त्याला हरकत नाही. पण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थेट गाडीच्या तारांना जोडू नका, मध्ये तिच्यासाठीचा डीसी चार्जर ठेवा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून मार्चमध्ये मी ती रात्री झोपायच्या पिशवीत घेते.

बूट दोन जोड. गाडीच्या बुटांत घोटा वळत नाही आणि ओल्या गवतावर तळवा घसरतो. जागा कमी असेल तर कपडे कमी करा. साइड स्टँडखाली एक सपाट चकती ठेवा, पीटची, म्हणजे दलदलीची, जमीन वरून घट्ट दिसते आणि तासाभरात स्टँड गिळते.

प्रश्न : चिलटांचं काय करावं? (फोर्ट विल्यम)

उत्तर : माथ्यावर ताशी अकरा किलोमीटरहून जास्त वारा असेल तर ती उडत नाहीत. म्हणून पायथ्याशी थांबायचं नाही, हेल्मेट काढायच्या आधी डोक्यावर जाळी तयार ठेवायची आणि तडक वर निघायचं. जून ते ऑगस्ट मी तंबू दरीत लावतच नाही, वाऱ्याच्या जागी लावते.

प्रश्न : माझी लेक एकटी बाईकवर डोंगरांत जाते, रेडिओ असतो म्हणते. मला त्यातलं काही कळत नाही, जीव टांगणीला लागतो. रेडिओवर भरवसा ठेवावा का? (ॲबरडीन)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आई याच काळजीने फोनजवळ बसायची.

अडचणीत मदत मागायला हा रेडिओ पहिला उपाय नाही, हे तिला स्पष्ट सांगा. ९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ती पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत. तिला आजच ९९९ वर ‘रजिस्टर’ असा एसएमएस पाठवायला लावा आणि येणाऱ्या उत्तरांप्रमाणे नोंदणी पूर्ण करायला सांगा. बोलण्याइतकी रेंज नसते तिथेही कधी कधी एसएमएस निघतो. शिट्टी हवीच: मिनिटात सहा फुंका, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. गाडी कुठे लावली आणि कोणत्या वाटेने वर जाणार हे तुम्हाला लिहून द्यायला सांगा. गाडी सापडली की शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

आता तुमच्यासाठी. सोटाची यादी कुणालाही पाहता येते. तिचं कॉल साइन (रेडिओवरची तिची ओळख), डोंगराचं नाव आणि वेळ तिथे झळकली की ती माथ्यावर पोहोचली. ऐकायचं असेल तर लायसन्स लागत नाही. इंग्लंडमध्ये चेशरला हॅक ग्रीन इथे एक वेबएसडीआर आहे, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रिसीव्हर. ब्राउझरमध्ये उघडा, यादीत दिसेल ती फ्रिक्वेन्सी टाका, दुपारी सात मेगाहर्ट्झवर तिचा आवाज येण्याची शक्यता चांगली आहे. खरखरीतून येईल, पण ओळखाल.

तिला एवढंच सांगा की शेवटच्या संपर्कानंतर ‘क्यूआरटी’, म्हणजे बंद करते आहे, असं म्हणताना गाडीपर्यंत पोहोचायची अंदाजे वेळही बोलून जा. मीही हल्ली म्हणते.