हरल्यावर प्रशिक्षक पंचांवर का चिडतात आणि दोष खरोखर कोणाचा असतो?

आपण विचारले आहे की, आपला मुलगा ज्या शालेय फुटबॉल संघातून खेळतो त्याचे प्रशिक्षक प्रत्येक पराभवानंतर आधी पंचांवर चिडतात, मग मुलांना फैलावर घेतात. तर यात चूक नेमकी कोणाची मानायची? परभणी जिल्ह्यातून गेली अनेक वर्षे मी शालेय संघ घेऊन स्पर्धांना जातो आणि हे दोन्ही राग मी स्वतः भोगले आहेत, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

पहिला राग खोटा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. मागच्या पावसाळ्यात विभागीय स्पर्धेत १७ वर्षांखालील गटात आमचा सामना होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता. फक्कीने आखलेल्या रेषा दुसऱ्या सत्रापर्यंत पार पुसल्या गेल्या होत्या आणि काळ्या मातीचा चिखल बुटांना असा चिकटत होता की, खेळ जरा थांबला की आमचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, काडी घेऊन बुटांचे तळवे खरवडत बसे. मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो. मध्यंतरानंतर काही वेळाने समोरच्या संघाचा एक लांब पास निघाला, तेव्हा त्यांचा स्ट्रायकर आमच्या बचावफळीच्या चांगला दोन पावले पुढे होता. यालाच ऑफसाइड म्हणतात आणि त्यातून झालेला गोल धरत नाहीत. ऑफसाइड ठरते ती पास निघतो त्या क्षणी, चेंडू खेळाडूपर्यंत पोहोचतो तेव्हा नाही. आणि तो क्षण अचूक दिसायचा असेल, तर सहायक पंचाने बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या सरळ रेषेत असावे लागते. आमच्या बाजूचा सहायक पंच एक कोवळा महाविद्यालयीन मुलगा होता. कडेला साचलेले पाणी टाळण्याच्या नादात तो मध्यरेषेपाशीच राहिला होता. ऑफसाइडचा झेंडा वर गेला नाही. गोल झाला.

मी कडेने धावत, ओरडत मुख्य पंचांपर्यंत गेलो आणि पिवळे कार्ड घेतले. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येते, हे मला चांगले माहीत होते. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की पंचांना स्वतःची चूक कळली तरी तो निर्णय फिरवता येत नाही, हेही माहीत होते, कारण हा नियम मीच मुलांना शिकवतो. तरीसुद्धा मध्यावरून खेळ सुरू झाल्यावर मी बोलतच राहिलो. त्यानंतर पाच-सहा मिनिटांत त्यांना कॉर्नर मिळाला, आमच्या स्टॉपरकडे सोपवलेला खेळाडू मोकळा सुटला आणि त्याने निवांत हेडर मारून दुसरा गोल केला. आम्ही १-२ असे हरलो.

सामन्यानंतर मी त्या स्टॉपरला सर्वांसमोर रागावलो. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, “सर, तुम्ही पंचांशी बोलत होता, मला वाटलं ते गोल रद्द करतील. मी तुमच्याकडेच बघत होतो.” पहिला गोल आमच्यावर लादला गेला होता, यावर मी आजही ठाम आहे. दुसऱ्या गोलात मात्र त्या पोराइतकाच माझाही वाटा होता, आणि बोलणी त्याला एकट्याला खावी लागली. याची खंत मला पराभवापेक्षा अधिक वाटते.

हे केवळ आमच्या शाळेच्या मैदानावर घडते असे नाही. ११ जून २०२४ रोजी दोहा येथील विश्वचषक पात्रता सामन्यात लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना तो आत ओढून कतारने गोल केला, पंचांनी तो मान्य केला आणि त्या फेरीत व्हीएआरची (व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची) सोय नसल्याने दाद मागायलाही जागा नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांचा संताप मला पूर्णपणे पटतो. परंतु याच पात्रता फेरीत, त्याच वर्षी २६ मार्चला गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या १५० व्या सामन्यात, अफगाणिस्तानविरुद्धही आपण १-० असे पुढे असताना शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले होते. गटाच्या अखेरीस भारताचे ५ गुण झाले आणि दुसऱ्या स्थानावर राहून पुढच्या फेरीत गेलेल्या कुवेतचे ७. म्हणजे गुवाहाटीची आघाडी टिकवली असती, तर दोह्यात तो अन्याय सोसून आणि हरूनही आपण ८ गुणांसह पुढच्या फेरीत गेलो असतो. पराभवानंतर चार दिवस जो प्रशिक्षक फक्त दोह्याबद्दल बोलेल, त्याची पोरे गुवाहाटीतून काही शिकणार नाहीत.

पंचांच्या चुकीबद्दल बोलूच नये, असे मी म्हणत नाही. सामना संपल्यावर आयोजकांकडे लेखी तक्रार द्यावी, मिनिट आणि घटना स्पष्ट लिहावी. आम्ही ती त्या वेळी दिलीही. आपल्या भागात प्रशिक्षित पंच फार थोडे आहेत आणि झेंडा अनेकदा अशाच नवख्या हातात असतो, तेव्हा या मुलांना आधी नीट प्रशिक्षण मिळावे, अशी मागणीही आपणच लावून धरायला हवी. चालू सामन्यात संघ सोडून पंचांमागे लागणे हे मात्र प्रशिक्षकाचे काम नाही.

त्या पराभवानंतर मी सरावात एक बदल केला. दोन गट पाडून खेळ सुरू असताना मी मधूनच मुद्दाम चुकीची शिट्टी वाजवतो, स्पष्ट ऑफसाइड असलेला गोल मान्य करतो आणि पुढची पाच मिनिटे कोण आपली जागा सोडतो ते वहीत टिपतो. सुरुवातीला पोरे माझ्याशी कडकडून भांडायची. परवा तसाच गोल दिला, तेव्हा तोच स्टॉपर चेंडू उचलून मध्यावर ठेवून आला आणि माझ्याकडे न बघता मागे वळून ओरडला, “आपापला माणूस धरा!”

आपल्या मुलाच्या सरांशी बोलण्याआधी, पंचांच्या त्या निर्णयानंतरच्या दहा मिनिटांत मैदानावर काय झाले, हे एकदा त्यालाच शांतपणे विचारा. सरांशी बोलायचे झाल्यास ते त्या दहा मिनिटांविषयी बोला.