शाळेत वर्षभर शारीरिक शिक्षणाच्या तासाला नेमकं काय घेतात?

महाराष्ट्रातलं सांगते. जूनमध्ये मैदानात चिखल असतो, त्यामुळे सुरुवात वर्गात किंवा सभागृहात योगासनं, सूर्यनमस्कारांनी. मग कबड्डी, खो-खोचा सराव. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांच्या शालेय स्पर्धा पहिल्या सत्रापासूनच सुरू होतात. मला खो-खो सगळ्यात मोलाचा वाटतो. आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. खो मिळताच उठायचं, म्हणून बसलेल्यालाही सावध राहावंच लागतं. महागडं साहित्यही लागत नाही. थंडीत क्रीडामहोत्सव, स्काउट-गाइडचं शिबिर, एखाद्या किल्ल्याची सहल. दहावीला मात्र हे तास अनेकदा गणित-विज्ञानाकडे जातात, ते साफ चूक आहे. पालकसभेत हा प्रश्न जरूर विचारा.