वेब सर्व्हिसचा क्लायंट काही तासांनी मेमरी संपून पडतो, दोष कुठे शोधायचा?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही सांगता त्याप्रमाणे जावातला सोप क्लायंट (एक्सएमएल संदेशांनी वेब सर्व्हिसला कॉल करणारा प्रोग्रॅम) आधी काही तासांत पडायचा आणि हीप (जावाच्या ऑब्जेक्टसाठीची मेमरी) 1 जीबीवरून 4 जीबी केल्यावर दिवसभराने पडू लागला. म्हणजे मेमरी अपुरी नाही, ती सुटत नाहीये. आता हीप आणखी वाढवू नका. उलट चाचणीसाठी कमाल हीप 256 एमबीवर आणा, दोष लवकर उघडा पडेल आणि हीप डंपही (त्या मेमरीची फाइलमधली प्रत) आटोपशीर निघेल.

एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘आउट ऑफ मेमरी’पुढे ‘जावा हीप स्पेस’ असेल तर ऑब्जेक्ट साचतायत, ‘मेटास्पेस’ असेल तर क्लासेस. नवा नेटिव्ह थ्रेड (समांतर चालणारा कामाचा धागा) बनवता येत नाही अशी तक्रार असेल, तर हीप सोडा आणि थ्रेड मोजा.

हीपचंच दुखणं असेल तर चाचणी सर्व्हरवर एकच कॉल लूपमध्ये 1000 वेळा मारा आणि जेमॅप या जावाच्या साधनाने ‘लाइव्ह’ पर्याय लावून हिस्टोग्राम (क्लासवार ऑब्जेक्टची संख्या) घ्या. या पर्यायाने आधी पूर्ण जीसी (नको असलेल्या ऑब्जेक्टची सफाई) होते, त्यामुळे उरतं ते कोणीतरी धरून ठेवलेलंच. मग आणखी 1000 कॉल आणि दुसरा हिस्टोग्राम. वरच्या ओळींत बाइट-अ‍ॅरे आणि स्ट्रिंग असणारच, त्यांच्यावर अडकू नका. कोणत्या क्लासची संख्या नेमकी 1000ने वाढली ते खाली शोधा. ‘अ‍ॅक्सिस-सर्व्हिस’ (अ‍ॅक्सिस-टू या सोप लायब्ररीचा क्लास) 1003 होता आणि 2003 झाला, की चोर सापडला: दर कॉलला नवा स्टब (सर्व्हिसला कॉल करणारा ऑब्जेक्ट) बनतोय.

हे फार ठिकाणी दिसतं, कारण नमुना कोडमध्ये स्टब मेथडच्या आतच बनवलेला असतो आणि तो तसाच उचलला जातो. अ‍ॅक्सिस-टूमध्ये प्रत्येक स्टब स्वतःची सर्व्हिस कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवतो. तुमचं व्हेरिएबल संपलं तरी ती नोंद राहू शकते. म्हणून कॉन्फिगरेशन-कॉन्टेक्स्ट अ‍ॅप सुरू होताना एकदाच बनवा आणि सगळ्या स्टबना तोच द्या. स्टब टाकून देताना ‘फायनली’ ब्लॉकमध्ये ‘क्लीनअप’ बोलवा. ‘क्लीनअप-ट्रान्सपोर्ट’ हे वेगळं प्रकरण आहे, ते कनेक्शन सोडतं. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं समजू नका.

सीएक्सएफ ही दुसरी सोप लायब्ररी असेल तर सर्व्हिस ऑब्जेक्ट बनवताना डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) वाचणं आणि जॅक्सबी-कॉन्टेक्स्ट (ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची सांगड घालणारा) उभारणं, दोन्ही महागडी कामं होतात. पोर्ट (इथला स्टब) एकदा बनवून वापरत राहा. बहुतेक वापरांत तो अनेक थ्रेडना चालतो, फक्त रिक्वेस्ट-कॉन्टेक्स्टमध्ये दर कॉलला पत्ता किंवा पासवर्ड बदलत असाल तर जपून. जॅक्सबी-कॉन्टेक्स्ट तुम्ही स्वतः बनवत असाल तर तोही एकच ठेवा, तो थ्रेड-सेफ आहे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी चालतो. मार्शलर आणि अनमार्शलर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि उलट करणारे) मात्र तसे नाहीत, ते दर वेळी नवे घ्या.

हिस्टोग्रामने उलगडलं नाही तर हीप डंप घेऊन एक्लिप्स मॅट या डंप तपासायच्या साधनात उघडा. डॉमिनेटर ट्रीमध्ये (कोण किती मेमरी धरून आहे ते दाखवणाऱ्या यादीत) ‘रिटेन्ड’ आकड्याने क्रम लावा, मोठ्या ऑब्जेक्टवरून वीक आणि सॉफ्ट रेफरन्स (जीसीला तोडता येणारे दुवे) वगळून जीसी रूटपर्यंतचा (ज्याच्यामुळे सफाई टळते त्या मुळापर्यंतचा) मार्ग काढा. शेवटी बहुधा स्टॅटिक मॅप किंवा थ्रेड-लोकल दिसेल. डंप घेताना अ‍ॅप थांबतं, आणि फाइलमध्ये पासवर्डसह सगळा डेटा उघडा असतो, ती कोणाला मेल करू नका.

आता वाढ हळूहळू नसून अचानक उंच टोक येत असेल, तर तो बहुधा लीक (न सुटणारी मेमरी) नाही, मोठा पेलोड (मेसेजमधला डेटा) आहे. 30 एमबीची फाइल बेस-64 (मजकुराच्या रूपात) झाली की 40 एमबी होते. जावा 8मध्ये तिची स्ट्रिंग बनली की 80 एमबी, कारण तिथे प्रत्येक अक्षराला 2 बाइट लागतात. त्यावर लॉगिंगसाठी आणखी एक प्रत. अशा फाइली एमटॉमने (बेस-64 न करता जोडून पाठवायच्या पद्धतीने) पाठवा, आणि पूर्ण मेसेज लॉग करणं बंद करा.

टाइमआउटही बघा. जावाच्या मूळ एचटीटीपी कनेक्शनमध्ये तो शून्य, म्हणजे अनंत असतो. सर्व्हर गप्प बसला की थ्रेड आपला डेटा धरून अडकतो.

हीप स्थिर आणि थ्रेड मात्र वाढतायत, असं असेल तर जावा 11पासूनच्या एचटीटीपी-क्लायंटवर संशय घ्या. दर कॉलला नवा बनवला तर प्रत्येकाचा वेगळा सिलेक्टर थ्रेड (नेटवर्क कनेक्शनवर लक्ष ठेवणारा) सुरू होतो. त्याला ‘क्लोज’ मेथड जावा 21मध्ये मिळाली, त्याआधीच्या आवृत्तीवर एकच क्लायंट सगळीकडे वापरा.