बेटावरचा धंदा आणि आगाऊ घेतलेले पैसे

दादर, मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अंदमानच्या सहलींचं स्वतःचं ऑफिस काढायचा तुझा आराखडा दोनदा वाचला. हॉटेलं, फेरीबोटी, विमानाची ग्रुप बुकिंगं, सगळं मन लावून मांडलंयस. महामारीवर मात्र एकच ओळ आहे: ‘२०२०सारखं पुन्हा होईलसं वाटत नाही.’ तिथे मी अडले, म्हणून हे पत्र.

त्या वर्षी पैसा कुठे अडकला ते आधी बघ. अंदमानचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आपली मराठी कुटुंबं निघतात दिवाळीत, नाताळात आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावर. २०२० मध्ये २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि देशातली विमानं थेट २५ मेला पुन्हा उडाली. म्हणजे एप्रिल-मेच्या सहलींचे पैसे घेऊन झालेले, त्यातले बरेचसे विमान कंपन्या, हॉटेलं आणि फेरीवाल्यांकडे पोचलेले, आणि उन्हाळी सुट्टी पूर्ण हातची गेलेली. प्रवासी मुंबईच्या ऑफिसवाल्याला फोन करून पैसे मागत होते, ते पैसे त्याच्याकडे नव्हतेच. विमान कंपन्या रोख परत न देता क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटात वळती होणारी जमा, देत होत्या, हॉटेलं पुढच्या वर्षी या म्हणत होती. विमान तिकिटांच्या परताव्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो १ ऑक्टोबरला. तोवर मधल्या माणसाने तग कसा धरायचा? नव्या बुकिंगच्या पैशांतून जुनी बिलं भागवायची ज्यांना सवय होती, ते बुडाले.

म्हणून प्रवाशाचा ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेव. सहल होईपर्यंत ते पैसे त्याचे आहेत, तुझे नाहीत. ऑफिसचं भाडं, पगार, जाहिरात यांतलं काहीही त्यातून जाता कामा नये. एवढं भांडवल आज नसेल तर एक वर्ष थांब, पण ही अट सोडू नकोस.

बेटाचं दुखणं आणखी वेगळं. निर्बंध सैल झाल्यावर लोक आपापल्या गाड्या काढून अलिबाग, महाबळेश्वरला गेले. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, चेन्नईपासून हजार किलोमीटरहून जास्त समुद्रापलीकडे. तिथे विमान किंवा जहाज नसेल तर गिऱ्हाईकच नाही. शिवाय दार उघडताना तिथलं प्रशासन कचरतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही. गंभीर रुग्णाला लहान बेटांवरून बोटीने नाहीतर हेलिकॉप्टरने मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये ग्रेट अंदमानी जमातीतल्या काही जणांना लागण झाली. ही जमातच मुळात पन्नास-साठ माणसांची उरली आहे. अशा ठिकाणी ‘लवकर उघडा’ म्हणून ओरडणाऱ्यांत तू नसावंस, असं मला मनापासून वाटतं.

लक्षद्वीपचं बघ. पूर्ण २०२० मध्ये तिथे एकही रुग्ण नव्हता, पहिला सापडला जानेवारी २०२१ मध्ये. पण ते साधलं बाहेरून येणाऱ्यांवर कडक बंधनं घालून, त्यांना आधी कोचीत विलगीकरणात ठेवून. आजार नव्हता, तरी पर्यटनही नव्हतं.

मालदीवने १५ जुलै २०२० लाच सीमा उघडल्या, कारण एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्याने पाहुणा गावापासून आपोआप लांब राहतो. तरी २०१९ मधले सतरा लाख पर्यटक २०२० मध्ये साडेपाच लाखांवर आले. आणि तिथे गावांतली गेस्ट हाउसं रिसॉर्टांनंतर उघडली, ऑक्टोबरच्या मध्यावर. तुझ्या यादीतले होमस्टे याच दुसऱ्या प्रकारचे, हे लक्षात असू दे.

त्यामुळे घरं निवडताना दुसरी कमाई असलेली घरं आधी बघ. नील, म्हणजे शहीद द्वीपवर भाजीपाला पिकतो. शेती असलेलं कुटुंब एक हंगाम बुडाला तरी उपाशी राहत नाही. हॅवलॉक बेटावर नुसत्या डायव्हिंगवर जगणाऱ्याचं तसं नाही. बोट किनाऱ्याला लागून राहिली तरी खाऱ्या हवेत इंजिन गंजतं, डागडुजीचा खर्च चालूच.

कर्ज कमी घे. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली होती, व्याज मात्र चढतच होतं. जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटन व्यावसायिकांसाठी कर्जहमी जाहीर केली: मान्यताप्राप्त संस्थांना दहा लाखांपर्यंत, परवानाधारक गाइडना एक लाखापर्यंत. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांच्यासाठी. बोटीवरचा खलाशी, होमस्टेतली स्वयंपाकीण यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तू स्वतः नोंदणी आणि मान्यता पहिल्याच वर्षी करून घे, आणि तुझ्याबरोबर काम करणाऱ्या गाइडलाही परवाना काढायला लाव.

मोठ्या हॉटेलांशी करार करताना अजिबात भिडस्त राहू नकोस. सरकारी आदेशाने बेट बंद झालं तर किती दिवसांत किती पैसे परत, हे लिहून घे; नुसत्या क्रेडिट नोटवर सही करू नकोस. बोटवाल्याशी मात्र असं वागू नकोस. बंदच्या काळात त्याला थोडंफार देता यावं म्हणून स्वतःच्या नफ्यातून दरवर्षी काही रक्कम बाजूला काढ. पुन्हा विमानं सुरू होतील तेव्हा तुझ्या पाहुण्यांना समुद्रावर तोच नेणार आहे, आणि तोवर तो दुसऱ्या कामाला लागलेला असला तर दोष त्याचा नसेल.

शनिवारी दुपारी ऑफिसला ये. हॉटेलांच्या कराराचे मसुदे आण आणि एकही बुकिंग आलं नाही तर सहा महिन्यांचा खर्च किती, तो आकडा मांडून आण. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी