आधी मोज, मग बदल

अरे, कोड हळू चालतोय म्हणून लगेच पायथॉन सोडून पळू नकोस. आधी सीप्रोफाइल, म्हणजे पायथॉनमधलंच वेळ मोजायचं साधन, लाव, वेळ नेमका कुठे जातोय ते दिसेल. मला तर लूपमधली ती लिस्ट खटकतेय. १ लाख वेगवेगळे नंबर, आणि प्रत्येक नंबर आधी आलाय का हे लिस्टमध्ये पहिल्यापासून शोधायचं, म्हणजे जवळपास ५०० कोटी तुलना! पुण्यात पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकासाठी दुकान न् दुकान पालथं घालण्यासारखं झालं हे. लिस्टऐवजी सेट वापर, तो हॅशवरून, म्हणजे नंबरवरूनच काढलेल्या पत्त्यावरून, थेट योग्य दुकानाच्या दारात नेतो. रिकाम्या लिस्टच्या जागी रिकामा सेट आणि नंबर टाकताना अपेंडच्या जागी ॲड, बदल एवढाच. मेमरी थोडी जास्त लागेल, लागू दे. आणि व्हेरिएबलची नावं तोकडी करू नकोस, त्यानं वेग वाढत नाही.