लाकडी शेकचे छप्पर: दर विचारण्याआधी विम्याचे लेखी उत्तर घ्यावे

जुने छप्पर उतरवून तांबड्या सीडर लाकडाचे फाडीव शेक (कौलांसारख्या एकावर एक बसवायच्या लाकडी फळ्या) बसवायचे आहेत, ठेकेदारांच्या अंदाजपत्रकांत मोठी तफावत आहे आणि विमा कंपनीने ‘अडचण येणार नाही’ असे फोनवर सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. फोनवरच्या नेमक्या त्याच आश्वासनाने मला सर्वांत जास्त खर्चात पाडले, म्हणून त्याविषयी आधी लिहितो.

आमचे काम पूर्ण झाल्यावर विमा कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला आणि त्याने शेकच्या अग्निवर्गाचा, म्हणजे ते आगीला किती तोंड देतात हे सांगणाऱ्या वर्गाचा, दाखला मागितला. आगीला विरोध करणारे रसायन मुरवलेला माल आम्ही जादा पैसे मोजून घेतला होता. पण गठ्ठ्यांवरची लेबले ठेकेदाराच्या माणसांनी कचऱ्याबरोबर कधीच नेली होती, आणि छपरावर चढलेल्या लाकडाकडे पाहून ते प्रक्रिया केलेले आहे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्या कार्यालयात एक विभाग दुसऱ्याकडे पाठवी, दुसरा पुन्हा पहिल्याकडे, आणि फोनवरच्या होकाराची नोंद कोणाकडेच नव्हती. अखेर प्रक्रिया न केलेल्या लाकडाच्या दराने हप्ता भरावा लागला. असा दाखला लागेल, हे एका ओळीत आधी कळवायला त्यांचे काय जात होते, हे मला आजही समजलेले नाही.

प्रक्रिया न केलेल्या शेकला सहसा कोणताच अग्निवर्ग मिळत नाही. दाबाखाली रसायन मुरवलेल्या मालाला ‘क’ किंवा ‘ब’ वर्ग मिळू शकतो, आणि सर्वोत्तम ‘अ’ वर्ग हा शेकखालच्या विशिष्ट अस्तरासह संपूर्ण रचनेला मिळतो. त्यामुळे अंदाजपत्रकात नुसते ‘अग्निरोधक’ असे लिहिलेले मी तरी स्वीकारणार नाही. वर्ग, तो मालाचा की रचनेचा, आणि अस्तर कोणते, हे तिन्ही लिहून घ्यावे. बसवून झाल्यावर वरून लेप मारून देतो म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण ऊनपावसात तो टिकेलच असे नाही. वणव्याच्या टापूत राहत असाल, तर लाकडाचा हट्टच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात नियम ठिकाणागणिक बदलतात आणि मी विम्याचा जाणकार नाही.

दरांतली तफावत बहुधा लाकडाच्या प्रतीत आणि न लिहिलेल्या बाबींत दडलेली असते. गाभ्याचे, उभ्या रेषांचे लाकूड महाग असते, पण ते कमी वाकते. प्रत्येक ओळीच्या वरच्या भागावरून जाणारी फेल्टची (डांबर मुरवलेल्या जाड कागदाची) पट्टी, दोन पाखे आत मिळतात तिथला पत्रा, जुन्या छपराची विल्हेवाट आणि कापण्यात वाया जाणारा माल, हे सर्व दरात धरले आहे का, ते विचारावे. खिळे स्टेनलेस स्टीलचेच मागावेत, कारण सीडरच्या अर्काने साधे लोखंडी खिळे गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ उतरतात. बारा फूट आडव्या अंतराला चार फुटांपेक्षा कमी चढ असेल, तर मी शेक निवडणार नाही. पालापाचोळा काढणे आणि फुटलेले शेक बदलणे यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम ठेवावी. शेवाळ मात्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढू देऊ नये, त्याने लाकडाचे तंतू सुटतात.

गठ्ठे उतरतील त्याच दिवशी प्रत्येक प्रकारचे एकेक लेबल काढून बिलासोबत ठेवावे आणि त्याचे छायाचित्र विमा कंपनीला ईमेलने पाठवून पोच मागावी. लेखी उत्तर येईपर्यंत जुन्या छपराला हात लावू देऊ नये, मग ठेकेदार कितीही घाई करो.